ओळख आधी, पेटी नंतर: घरगुती ग्राहकांना पहिला ई-मेल पाठवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकून थंडी पडायला लागली की बागायतदारांचे, घरून फराळ-मसाले विकणाऱ्यांचे आणि हातमागाची वस्त्रं विणणाऱ्यांचे प्रश्न यायला लागतात. सगळ्यांच्या मुळाशी एकच इच्छा असते: मधले हात टाळून माल थेट घरात पोचवायचा. खालचे प्रश्न साधारण ज्या शब्दांत येतात, त्याच शब्दांत ठेवले आहेत. उदाहरण बहुतेक ठिकाणी हापूसच्या पेटीचं घेतलं आहे, कारण त्या धंद्यात मोहोरापासून विक्रीपर्यंत चार महिने मिळतात आणि ओळख वाढवायला तेवढा वेळ खरंच लागतो. उत्तरं एकमेकांना जोडलेली आहेत. जिथे दुसरा प्रश्न पाहायला सांगितलं आहे, तिथे तो जरूर पाहा.

१. कोल्ड ई-मेल म्हणजे नक्की काय? तो आणि स्पॅम एकच का?

ज्याने तुमच्याकडून काही मागवलेलं नाही, ज्याच्याशी तुमचा व्यवहारही झालेला नाही, अशा माणसाला पाठवलेला पहिला मेल म्हणजे कोल्ड ई-मेल. मेल उघडणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो: यांनी मलाच का लिहिलं? त्याचं खरं, पटणारं उत्तर पहिल्या दोन ओळींत असेल तर तो मेल ओळख ठरतो. उत्तर नसेल, आणि तोच मजकूर दरपत्रकासह हजारोंना गेला असेल, तर तो स्पॅमच. न मागता आलेली जाहिरात लोकांना कधीच आवडलेली नाही. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क या डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं निमंत्रण एकाच वेळी पाठवलं. तेव्हा इंटरनेटचा जन्मही व्हायचा होता, पण तक्रारी लगेच आल्या.

२. कंपन्यांना लोक बिनधास्त कोल्ड मेल करतात. मग घरच्या ग्राहकाला केला तर काय बिघडलं?

कंपनीतल्या खरेदी अधिकाऱ्याला पुरवठादारांचे प्रस्ताव वाचण्याचा पगार मिळतो. घरच्या माणसाच्या इनबॉक्समध्ये बँकेचे निरोप, मुलांच्या शाळेच्या सूचना, वीजबिल आणि नातेवाइकांची पत्रं असतात. तिथे तुम्ही पाहुणे आहात. कायदेही हा फरक मानतात: ब्रिटनच्या २००३ च्या नियमांत कंपनीच्या पत्त्यावर मेल करायला सवलत आहे, पण व्यक्तीच्या पत्त्यावर जाहिरात पाठवायची तर आधी संमती लागते.

हिशोबही वेगळा आहे. यंत्र विकणाऱ्याला हजारातून एक गिऱ्हाईक मिळालं तरी वर्ष निघतं. तुमची पेटी काही हजारांची. तुमचा धंदा एकाच घराने दरवर्षी घेण्यावर, आणि त्या घराने शेजारच्या घराला सांगण्यावर चालतो. म्हणून घरच्या ग्राहकाला पाठवलेल्या पहिल्या मेलमध्ये ऑर्डर मागायची नाही, पुन्हा लिहिण्याची परवानगी मागायची. काही देशांत तर तेवढंही चालत नाही, त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

३. बिलबुकात जुन्या ग्राहकांचे पत्ते आहेत, पण तीन वर्षं कुणाला काही पाठवलं नाही. हेही अनोळखीच धरायचे का?

अनोळखी नाहीत, पण ते तुम्हाला विसरले आहेत असं धरून चाला. पहिल्या मेलमध्ये आठवण करून द्या: कोणत्या साली, काय घेतलं होतं, पेटी कुठे पोचवली होती. मग विचारा की यंदा कळवत जाऊ का.

सगळ्यांना एकाच दिवशी पाठवू नका. तीन वर्षांत बरेच पत्ते मेलेले असतात. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला गूगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली आहे. बंद पत्त्यांवर गेलेले मेल परत आले की तुमच्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, मेल सेवांच्या नजरेत पत घसरते. म्हणून रोज थोडे पाठवा आणि परत आलेले पत्ते त्याच दिवशी वहीतून खोडा.

ज्यांनी पूर्वी कधी ‘मेल नको’ असं कळवलं असेल, त्यांना मात्र ‘आता तरी हवे आहेत का?’ असं विचारायलाही जाऊ नका. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने मार्च २०१७ मध्ये फ्लायबी या विमान कंपनीला ७०,००० पौंडांचा दंड केला. तिने जाहिराती नाकारलेल्या लोकांनाच ‘तुमची पसंती तपासून घ्या’ असे मेल पाठवले होते. त्याच वेळी होंडाच्या युरोपातल्या कंपनीला १३,००० पौंडांचा दंड झाला. संमती आहे की नाही हेच माहीत नसलेल्या लोकांना तिने संमती विचारणारे मेल पाठवले होते.

४. ‘पुण्यातल्या उच्च उत्पन्न गटाचे २५,००० पत्ते’ अशी यादी स्वस्तात मिळते आहे. घेऊ का?

नको, कितीही स्वस्त असली तरी नको. त्या यादीतल्या एकाही माणसाने तुमचं नाव ऐकलेलं नाही आणि तीच यादी आणखी कितीजणांना विकली गेली असेल याला मोजमाप नाही. अशा याद्यांत सापळ्याचे पत्तेही असतात. हे कुणाही खऱ्या माणसाचे पत्ते नसतात. त्यांच्यावर मेल आला, म्हणजे पाठवणाऱ्याने पत्ता परवानगी न घेता मिळवला, एवढंच त्यातून कळतं. स्पॅमहाउससारख्या संस्था अशा खुणांवरून पाठवणाऱ्यांना काळ्या यादीत टाकतात. एकाच वेळी अनेकांना मेल पाठवून देणाऱ्या मेलचिंपसारख्या सेवांच्या अटींतही विकतच्या याद्यांना मनाई आहे. खातं बंद झालं तर तुमच्या खऱ्या ग्राहकांना मेल पाठवायची सोयही जाते, आणि नेमकं मार्चमध्ये तसं झालं तर हंगाम हातचा जातो.

५. मग नवे पत्ते आणायचे कुठून?

जिथे माणूस स्वतः तुमच्यासमोर थांबतो तिथून. पणन मंडळाच्या पुण्यातल्या आंबा महोत्सवासारख्या ठिकाणी गाळा असेल तर एक वही ठेवा: नाव, ई-मेल, तारीख आणि ‘बागेची बातमी मेलवर हवी का?’ असा एक रकाना. त्यात ‘हो’ त्या माणसानेच लिहायचं, तुम्ही नाही. दिवसभरात आठच नावं आली तरी ती विकतच्या २५,००० पेक्षा मोलाची आहेत.

दुसरी जागा म्हणजे पेटी. पेंढ्यावर एक छापील चिठ्ठी ठेवा: आढी कशी लावायची याच्या चार ओळी आणि खाली ‘पुढच्या वर्षीच्या मोहोराची बातमी हवी असेल तर या पत्त्यावर लिहा’. जिने आंबा खाल्ला आहे ती व्यक्ती स्वतःहून लिहिते, तेव्हा तो मेल कोल्ड राहतच नाही.

तिसरी जागा म्हणजे ग्राहकाचे ओळखीचे. पण ‘तुमच्या मित्रांचे पत्ते द्या’ असं म्हणू नका. ‘हा मेल त्यांना पुढे पाठवा’ म्हणा. हवं असेल तो स्वतः लिहील.

गृहनिर्माण सोसायटीची यादी, शाळेच्या पालकांचा गट, माजी विद्यार्थ्यांची सूची, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे सभासद, हे पत्ते त्या त्या कामासाठी दिलेले असतात. ते उचलू नका. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना मात्र विचारता येतं की त्यांच्या बातमीपत्रात तुमच्या बागेविषयी चार ओळी येतील का. तिथे ओळख मंडळ करून देतं, आणि यादी मंडळाकडेच राहते.

६. पहिल्या मेलमध्ये नेमकं काय लिहू?

थोडकं. विषयाच्या ओळीत ओळखीची खूण हवी: ‘आंबा महोत्सवात भेटलो होतो’. ‘खास तुमच्यासाठी’ किंवा ‘सुवर्णसंधी’ नको. मजकूर साधारण असा:

‘नमस्कार. गेल्या मे महिन्यात पुण्याच्या आंबा महोत्सवात तुम्ही आमच्या गाळ्यावर थांबला होतात आणि वहीत हा पत्ता लिहिला होतात. आमची बाग देवगड तालुक्यात आहे. यंदा पहिला मोहोर डिसेंबरात आला. मोहोरापासून काढणीपर्यंत बागेत काय चाललं आहे ते महिन्यातून एकदा कळवायचा विचार आहे. हवं असेल तर फक्त “हो” एवढं उत्तर द्या. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहिणार नाही.’

खाली पूर्ण नाव, गाव, फोन. दर नाही, फोटोंची माळ नाही, जोडलेली फाइल नाही, दुवाही नाही. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल कुणी उघडू नये, हे आपणच घरच्यांना शिकवतो ना? शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. ते लिहिलं की पाळायचं. जो गप्प राहिला त्याचं नाव खोडायचं.

७. विक्रीआधी किती मेल पाठवायचे आणि त्यांत लिहायचं तरी काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहितो. ‘हो’ म्हणालेल्या वाचकाला हापूसच्या बाबतीत दर कळवण्याआधी चार मेल पुरतात, महिन्याला एक.

डिसेंबरात मोहोराविषयी लिहा. थंडी कशी पडली, पालवी आली की मोहोर, हे शहरातल्या माणसाला अजिबात माहीत नसतं. थंडी लांबली तर आंबा उशिरा येतो एवढं त्याला कळलं, की एप्रिलमध्ये तो ‘अजून का नाही?’ म्हणून चिडत नाही.

जानेवारीत फळधारणेविषयी. कणी धरली, सुपारीएवढी झाली, किती गळाली; तुडतुड्यांचा, फुलकिड्यांचा त्रास आहे का; फवारणी कोणती केली आणि काढणीआधी किती दिवस थांबवणार. फवारणीचं लपवू नका. घरात लहान मुलं असलेला ग्राहक हेच विचारणार असतो. तुम्ही आधीच सांगितलंत तर त्याचं मोल मोठं असतं.

फेब्रुवारीच्या मेलमध्ये एक प्रश्न विचारा आणि उत्तर मागा: घरी आंबे खाणारे किती? तयार फळ हवं की आढीला लावायचं? आमरसासाठी की कापून खायला? अशा प्रश्नाला उत्तर देताना माणूस त्याच्या घराविषयी बोलायला लागतो. ती उत्तरं जपून ठेवा, पुढे पेट्या भरताना तीच उपयोगी पडतात. उत्तराला उत्तरही द्या, स्वतः टाइप केलेलं. इथे हात आखडता घेतला तर बाकीचे मेल कितीही चांगले लिहिले तरी उपयोग नाही.

मार्चच्या सुरुवातीला ग्राहकाला आंबा ओळखायला शिकवा. झाडावर चौदा आणे तयार झालेलं फळ देठासकट का काढतात. देठ तुटला तर चीक सालीवर उतरून डाग कसे पडतात. फळ झाडावर जास्त जून होऊ दिलं तर साका होण्याचा धोका का वाढतो. साक्याविषयी आधीच, मोकळेपणाने लिहा. बाहेरून सुंदर दिसणाऱ्या हापूसच्या पोटात पांढरट, आंबूस गर निघू शकतो आणि कापल्याशिवाय तो कळत नाही, हे ग्राहकाला पेटी घेण्याआधी माहीत असलं पाहिजे. असं फळ निघालं तर तुम्ही काय कराल तेही लिहा. याच मेलमध्ये २०१८ साली हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा विषय येऊ द्या: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यासाठीच ते नाव आहे. तुम्ही नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तसं सांगा. नसाल तर मानांकनाचं चिन्ह वापरू नका.

मध्येच अवकाळी पाऊस झाला तर ठरलेला मेल बाजूला ठेवून त्याविषयी लिहा. वाईट बातमी कळवणाऱ्यावर माणसं विश्वास ठेवतात.

फराळ किंवा मसाले विकणाऱ्यांना एवढा काळ मिळत नाही. गणपती उठल्यावर सुरुवात केली तर दसऱ्यापर्यंत दोन मेल बसतात आणि तेवढे पुरतात: एक धान्य-तूप-तेल कुठून घेता यावर, एक वाचकाला विचारलेला प्रश्न.

८. दर कधी सांगायचा? ग्राहक तयार आहे हे कसं ओळखू?

ज्याने एकदा तरी उत्तर दिलं आहे तो तयार. त्याला दर, पेटीत किती डझन, कोणत्या आठवड्यात निघेल, पोचवणावळ किती आणि खराब फळाचं काय, हे सगळं एकाच मेलमध्ये सांगा. जो नुसता वाचतो आहे त्यालाही दर कळवा, पण एकदाच. आठवण करणारा मेल बुकिंग बंद होण्याच्या दोन-तीन दिवस आधी, तोही एकच.

‘फक्त ३ पेट्या शिल्लक!’ असं तेव्हाच लिहा जेव्हा खरंच तीनच उरल्या असतील. खोटी घाई निर्माण करणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेल्या १३ फसव्या क्लृप्त्यांपैकी एक आहे. सतत टोचत राहणं हीसुद्धा त्याच यादीत आहे.

९. किती जणांनी मेल उघडला ते दिसतं की! त्यावरून ठरवलं तर?

तो आकडा आता भरवशाचा नाही. मेल उघडला हे उघडताच उतरणाऱ्या एका अदृश्य चित्रावरून मोजतात. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत आणलेली खासगीपणाची सोय ज्याने चालू ठेवली आहे, त्याच्याकडे ते चित्र आधीच उतरवून घेतलं जातं. म्हणजे माणसाने मेल पाहिलाही नसला तरी ‘उघडला’ दिसतो. उलट बाजूने, ज्यांच्याकडे चित्रं बंद असतात त्यांनी वाचूनही नोंद होत नाही. आलेली उत्तरं मोजा, कुणी पुढे पाठवला म्हणून आलेले नवे ‘हो’ मोजा, आणि किती जणांनी नाव काढलं ते मोजा. छोट्या धंद्याला एवढे तीन आकडे पुष्कळ झाले.

१०. मराठीत लिहू की इंग्रजीत? मराठी मेल स्पॅममध्ये जातात असं ऐकलंय.

मराठीत आहे म्हणून मेल स्पॅममध्ये जात नाही. ग्राहकाशी गाळ्यावर ज्या भाषेत बोललात त्याच भाषेत लिहा. मात्र मजकूर युनिकोडमध्ये हवा. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये आलेला मजकूर तसाच चिकटवला तर वाचणाऱ्याला निरर्थक अक्षरं दिसतात. त्यावर उपाय म्हणून पूर्ण पत्रकाचं चित्र करून पाठवणारेही आहेत. तेही नको: चित्र उतरलं नाही तर मेल कोराच दिसतो. मोबाइलवर विषयाची ओळ लवकर तुटते, म्हणून महत्त्वाचा शब्द सुरुवातीला येऊ द्या: ‘मोहोर आला’ आधी, बागेचं नाव नंतर. आईवडील मराठी वाचतात आणि ऑर्डर मुलगी बंगळूरहून करते, अशी घरं बरीच असतात. कोणत्या भाषेत कळवू हे सरळ विचारा.

११. माझ्या साध्या जीमेलवरून सगळ्यांना बीसीसी करून पाठवलं तर?

वीस-पंचवीस ओळखीच्या ग्राहकांना चालेल, पण त्याहून एकेकाला वेगळा मेल बरा. जीमेलच्या मोफत खात्यावरून दिवसाला ५०० च्या वर मेल जात नाहीत, आणि त्याच्या कितीतरी आधी तुमच्या पाठवण्यावर संशय येऊ शकतो. बीसीसीत, म्हणजे पत्ते एकमेकांपासून लपवून पाठवताना, मोठा धोका चूक होण्याचा आहे: घाईत पत्ते ‘टू’च्या रकान्यात पडले की प्रत्येक ग्राहकाचा पत्ता बाकी सगळ्यांना कळतो. शंभराच्या पुढे यादी गेली की स्वतःचं डोमेन घ्या. वर्षाला हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. मग मेल पाठवणारी एखादी सेवा वापरा. पुढची तांत्रिक तयारी प्रश्न १२ मध्ये आहे.

१२. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे सगळं पेटीवाल्याला कशाला?

तुमच्या नावाने दुसरं कुणी मेल पाठवत नाही याची खात्री पटवायला. एसपीएफ सांगतं की या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतात. डीकेआयएम ही प्रत्येक मेलवरची सही, वाटेत मजकूर बदललेला नाही याची खूण. दोन्ही तपासण्या नापास झाल्या तर काय करायचं ते डीमार्क सांगतं. तिन्ही नोंदी डोमेन जिथे घेतलं तिथे एकदाच भराव्या लागतात.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलच्या बाबतीत कितीही मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक लागतंच. दिवसाला ५,००० च्या पुढे जाणाऱ्याला तिन्ही लागतात आणि एका क्लिकवर नाव काढण्याची सोयही द्यावी लागते. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकच्या वैयक्तिक पत्त्यांसाठी मोठ्या पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या. तुम्ही ५,००० च्या जवळपासही नसाल, तरी तिन्ही भरून घ्या. काम तासाभराचं आहे.

१३. सगळं नीट केलं, तरी मेल स्पॅममध्ये किंवा ‘प्रमोशन्स’मध्ये का जातो?

‘प्रमोशन्स’मध्ये जाणं ही शिक्षा नाही. विक्रीचा मेल विक्रीच्या खणात गेला, इतकंच. स्पॅममध्ये जातो तेव्हा कारण बहुतेक वेळा वाचकांच्या तक्रारींत असतं. तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली असावं आणि ०.३ टक्क्याला पोचू नये, असं गूगल सांगतं. यादी हजाराची असेल तर तीन तक्रारी म्हणजे ०.३ टक्के, दोनशेची असेल तर एकच तक्रार ०.५ टक्के. लहान यादीला म्हणूनच अधिक जपावं लागतं. नाव काढण्याचा दुवा ठळक ठेवा. तो सापडला नाही की वैतागलेला माणूस ‘स्पॅम’चं बटण दाबतो. ‘हो’ म्हणालेल्यांना तुमचा पत्ता संपर्कांत जतन करायला सांगा. आणि एकदा उत्तर दिलेल्याचे मेल सहसा नीट पोचतात, प्रश्न ७ मधल्या फेब्रुवारीच्या मेलचा हाही एक फायदा.

१४. भारतात असे मेल पाठवणं बेकायदा आहे का?

फक्त ई-मेल स्पॅमसाठी वेगळा कायदा भारतात नाही. ट्रायचे नियम आणि डीएनडी नोंदणी फोन कॉल आणि एसएमएससाठी आहेत, मेलसाठी नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ कलमात त्रासदायक मेलचा उल्लेख होता, पण ते कलमच सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं.

आता पाहायचा तो डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असली पाहिजे. दिली तितक्याच सहजतेने ती मागेही घेता आली पाहिजे. गाळ्यावरची कागदी वही त्यात येते का, असं बरेच जण विचारतात. वहीतली नावं संगणकात भरलीत की ती डिजिटल माहिती झाली आणि कायदा लागू झाला. प्रश्न ५ मधला तारीख आणि ‘हो’चा रकाना त्यासाठीच जपायचा.

१५. आमचे निम्मे ग्राहक परदेशात आहेत. टोरोंटोतला मुलगा पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी मागवतो. कोणता कायदा बघायचा?

मेल जिथे वाचला जातो तिथला. पेटी पुण्यातच जाणार असली तरी.

अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा १ जानेवारी २००४ पासून आहे आणि तो सर्वांत सैल आहे: आधी संमती नसली तरी मेल चालतो, पण पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय खरा हवा, टपालाचा पत्ता हवा, आणि ‘नको’ म्हटल्यावर कामकाजाच्या १० दिवसांत नाव निघालं पाहिजे.

कॅनडाचा कायदा १ जुलै २०१४ पासून लागू आहे आणि तो सर्वांत कडक. तिथे ‘तुम्हाला मेल पाठवू का?’ असं विचारणारा मेलसुद्धा व्यापारी संदेश धरला जातो. म्हणजे प्रश्न ६ मधलं पत्र कॅनडातल्या अनोळखी माणसाला पाठवता येत नाही. ज्याने खरेदी केली त्याची गृहीत संमती दोन वर्षं टिकते, नुसती चौकशी केली तर सहा महिने. टोरोंटोतल्या मुलाने गेल्या हंगामात पेटी घेतली असेल तर यंदा त्याला लिहा, आणि त्याच मेलमध्ये स्पष्ट संमती मागून ठेवा. तिथे ओळखीतून आलेल्या माणसाला एक मेल पाठवायची वाट आहे, पण ओळख देणाऱ्याचं पूर्ण नाव त्यात लिहावं लागतं आणि त्याचं तुमच्याशी व त्या माणसाशी, दोघांशी, आधीचं नातं असावं लागतं.

युरोप आणि ब्रिटनमध्ये व्यक्तीला पाठवायचं तर आधी संमती. अपवाद जुन्या ग्राहकाचा: विक्रीच्या वेळी त्याचा पत्ता मिळाला, तशाच मालाविषयी लिहिताय, आणि पत्ता घेताना व नंतर प्रत्येक मेलमध्ये नाकारायची सोय दिली आहे, तर चालतं.

१६. एखाद्याने स्वतःच आपला ई-मेल जाहीर केलेला असेल तर त्याला लिहायला काय हरकत?

भारतीय कायदा स्वतः जाहीर केलेल्या माहितीला आपल्या कक्षेबाहेर ठेवतो, त्यामुळे कायद्याची अडचण इथे कमी. पण लेखक, डॉक्टर, वास्तुविशारद यांनी पत्ता दिलेला असतो तो त्यांच्या कामासाठी. त्या माणसाने कोकणच्या आंब्यावर काही लिहिलं असेल, तर त्याविषयी त्याला मनापासून एक पत्र जरूर लिहा. यादीत टाकू नका.

१७. सोसायटीच्या सेक्रेटरीला मेल केला तर तो संस्थेला की माणसाला?

सोसायटीच्या अधिकृत पत्त्यावर केला तर संस्थेला. ‘आवारात शनिवारी आंबा विक्री लावू का?’ ही चौकशी तिथे योग्यच आहे. त्याच सेक्रेटरीबाईंच्या वैयक्तिक पत्त्यावर दरपत्रक पाठवलं तर त्या घरच्या ग्राहक, आणि मग प्रश्न २ लागू. सोसायटीने परवानगी दिली तरी सभासदांचे पत्ते मागू नका. फलकावर सूचना लावू द्या आणि वही घेऊन आवारात बसा.

१८. मुलाने ऑर्डर देताना आईचा ई-मेल दिला होता. तिला बागेची बातमी पाठवू का?

तो पत्ता पेटी पोचवण्यासाठी दिलेला आहे. पेटी निघाली, अमुक दिवशी पोचेल, आढी अशी लावा, इतकं त्या पत्त्यावर पाठवा. आईंना पुढची बातमी हवी असेल तर पेटीतल्या चिठ्ठीवरून त्या स्वतः लिहितील.

१९. रागावून उत्तर आलं तर काय करू?

त्याच दिवशी दोन ओळींत उत्तर द्या: पत्ता कुठून मिळाला ते खरं सांगा, काढून टाकल्याचं कळवा, त्रासाबद्दल क्षमा मागा. बाजू मांडत बसू नका, आणि ‘एकदा चव तरी बघा’ हे तर नकोच. नंतर यादी उघडून पाहा: त्याच ठिकाणाहून आलेली आणखी नावं असतील तर त्यांना पुढचा मेल पाठवण्याआधी त्यांच्या ‘हो’ची नोंद शोधा. ती सापडली नाही तर तीही नावं काढा.

२०. एका बाईंनी यादीतून नाव काढलं आणि दोन महिन्यांनी फोनवर पेटी मागवली. आता त्यांना पुन्हा यादीत घेऊ ना?

नाही. पेटीची पावती, निघाल्याचा निरोप, फळ कसं निघालं याची विचारपूस, हे त्या व्यवहाराचे मेल आहेत आणि ते पाठवता येतात. त्यांत पुढच्या हंगामाची जाहिरात शिरवू नका. फोनवर बोलणं होतंच आहे, तर तिथेच विचारा: ‘ताई, बागेची बातमी मेलवर पुन्हा पाठवायला लागू का?’ ‘हो’ म्हणाल्या तर तारीख लिहून नव्याने नोंद करा. ‘नको, फोनच बरा’ म्हणाल्या तर पुढच्या मार्चमध्ये त्यांना फोन करा.